मण्यांची मांडणी आणि दागिन्याची कथा : साज, पुतळीमाळ व मंगळसूत्र यांच्या संदर्भात

प्रस्तावना

'अलंकार' हा शब्द मराठीत साहित्यशास्त्रानेही वापरला आणि सराफानेही. अलंकार हा अर्थाला बाहेरून चिकटवलेला असतो की तो अर्थाचाच एक भाग असतो, हा साहित्यशास्त्रातील जुना वाद आहे. दागिन्याच्या बाबतीत मात्र असा प्रश्न सहसा विचारला जात नाही. दागिना शोभेसाठी आणि अडीअडचणीच्या वेळी मोडण्यासाठी, एवढे म्हटले की विषय संपतो. गेल्या पंधरा-वीस वर्षांत दागिन्यांच्या व्यापारात 'कथा' हा शब्द फार ऐकू येऊ लागला आहे. नवा संग्रह बाजारात आला की त्याला एक नाव असते, त्यामागे एक कथा असते आणि ती कथा दागिन्याइतक्याच चोखपणे छापलेली असते. ही कथा दागिन्यात असते कोठे? आकृतीत, नावात, की मांडणीत? प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील काही परिचित दागिन्यांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

या विचाराला निमित्त वर्गात मिळाले. पदवीच्या वर्गात 'वस्तू आणि कथन' हा भाग शिकवताना विद्यार्थिनींना घरातील एक दागिना आणून त्याविषयी बोलण्यास सांगितले होते. एका विद्यार्थिनीने एक ग्रॅम सोन्याचा, म्हणजे मुलामा दिलेला, कोल्हापुरी साज आणला. दिसायला तो सुरेख होता. मधोमध लाल खडा आणि दोन्ही बाजूंना सहा-सहा पाने. मात्र ही बाराही पाने एकाच साच्यातून काढलेली होती. "यात मासा कोणता आणि कासव कोणते?" या प्रश्नावर ती गोंधळली. थोड्या वेळाने म्हणाली, "मॅडम, साजात मासा असतो?" यात तिचा दोष काहीच नव्हता. साज तिच्या हातात होता. साजाचे वाचन मात्र साचा करणाऱ्यापाशीच थांबले होते.

मणी, दोरा आणि धान्याची नावे

मणी ही माणसाने घडवलेल्या सर्वांत जुन्या वस्तूंपैकी एक आहे. जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथील उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले असून त्यांचा काळ सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा मानला जातो. त्याच ठिकाणी अशा कवचाच्या तुकड्यावर कोरलेली रेघांची नक्षीही आढळली. शेती नाही, धातू नाही, मडके नाही. पण मणी आहे. अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील नेवासे येथील उत्खननाचा दाखला तर अधिक बोलका आहे. ताम्रपाषाणयुगातील एका बालकाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली आणि त्या मण्यांमध्ये रेशीम व कापूस यांच्या दोऱ्याचे अवशेष टिकून राहिले होते. तांब्याच्या गंजामुळे दोरा वाचला. मणी सापडणे हे पुरातत्त्वात नित्याचे आहे. दोरा सापडणे विरळा. एरवी आपल्या हाती सुटे मणी येतात, त्यांचा परस्परसंबंध येत नाही. प्रस्तुत लेखाचा सगळा भर त्या संबंधावरच आहे.

मराठी दागिन्यांच्या नावांकडे पाहिले तरी काही गोष्टी लक्षात येतात. बोरमाळेचा मणी बोरासारखा, जोंधळी पोतेचा मणी जोंधळ्याच्या दाण्याएवढा, पोहेहारातील घटक पोह्यासारखे चपटे आणि साजातील बारीक मणी 'जवमणी' म्हणून ओळखले जातात. ही नावे शेतातून, खळ्यातून आणि स्वयंपाकघरातून आली आहेत. एवढ्यावरून कोणी 'कृषिसंस्कृतीचे प्रतिबिंब' असे ठोकळ विधान करील, आणि आपल्याकडील लेखांत ते नेहमी केलेही जाते. परंतु येथे अधिक नेमकी गोष्ट दडलेली आहे. धान्याचा एक दाणा कधीच महत्त्वाचा नसतो. राशीला किंमत असते. जोंधळी पोतेतील एक मणी वेगळा काढून दाखवला तर त्याला स्वतंत्र अर्थ नाही आणि तो असावा अशी अपेक्षाही नाही. त्यामुळे हे नाव दाण्याच्या आकाराबरोबरच संपूर्ण माळेच्या रचनेचेही वर्णन करते. बोरमाळेचा मणी भरीव वाटतो, पण आत लाख भरून वर सोन्याचा पातळ पत्रा चढवण्याची रीत प्रसिद्ध आहे. थोड्या सोन्यात भरघोस दिसावे ही गरज त्यामागे आहे. भरघोसपणा हे पिकाचे विशेषण दागिन्यालाही तितकेच लागू पडते.

पुनरावृत्ती, केंद्र आणि विराम

रचनाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत पुनरावृत्ती, लय, तोल, प्रमाण, विरोध आणि केंद्रबिंदू ही तत्त्वे सांगितली जातात. ती पाठ करून घेण्यापेक्षा तीन दागिने शेजारी ठेवून पाहिले तर अधिक स्पष्ट होतात.

ठुशी ही पुनरावृत्तीची पराकाष्ठा होय. सोन्याचे बारीक मणी एकमेकांशेजारी इतके ठासून बसवलेले असतात की मणी दिसेनासा होतो आणि पोत दिसू लागतो. मागे दोरा व गोंडा असतो. तो सरकवून ठुशी सैल अथवा घट्ट करता येते, त्यामुळे आईची ठुशी मुलीला आणि सुनेलाही होते. तन्मणी याच्या उलट आहे. तेथे मोत्यांचे सर मधल्या खड्यांच्या पदकाकडे नजर घेऊन जातात. मोती वाट दाखवतात आणि पदक हे मुक्कामाचे ठिकाण असते. ठुशीला केंद्राची गरज नाही. तन्मणी केंद्रावाचून उभाच राहत नाही.

साज या दोन्हींहून निराळा आहे आणि म्हणून त्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. परंपरेने साजात २१ पानड्या सांगितल्या जातात. त्यांपैकी १० दशावतारांच्या, ८ अष्टमंगलाच्या, २ माणिक व पाचू यांच्या आणि १ डोरल्याची, म्हणजे ताइताची. मासा, कासव, शंख, कमळ, चंद्र, बेलपान, भुंगा अशा आकृत्या या पानड्यांत आढळतात. प्रत्येक दोन पानड्यांच्या मध्ये जवमणी असतात. मणी सर्व सारखे. पानड्या मात्र एकमेकींहून वेगळ्या. या सारख्या-वेगळ्याच्या आलटापालटीतच साजाची कथनशक्ती आहे. सारख्या मण्यावरून नजर सहज घसरते, पानडीपाशी अडते, ओळख पटवते आणि पुढे सरकते. लिहिलेल्या मजकुरात शब्दांच्या मधल्या मोकळ्या जागेचे जे काम, तेच येथे जवमण्याचे. ती जागा नसती तर २१ आकृत्यांची गर्दी झाली असती, आणि पानड्या एकसारख्या असत्या तर ओळखण्याजोगे काही उरले नसते. वर्गात आलेल्या साजाचे नेमके हेच झाले होते. त्याच्या घडवणाऱ्याने तोल सांभाळला होता, केंद्र सांभाळले होते, पुनरावृत्ती तर पुरेपूर होती. पाठ्यपुस्तकाच्या दृष्टीने तो निर्दोष होता. केवळ तो काही सांगत नव्हता.

अर्थात 'प्रत्येक पानडीचा अमुकच अर्थ' अशी कोष्टके जी अलीकडे सर्रास छापली जातात त्यांच्याकडे सावधपणे पाहावे लागते. एक कारागीर जिला अवतार म्हणतो तिला दुसरा नुसते शुभचिन्ह म्हणतो. दक्षिण आफ्रिकेतील झुलू समाजाच्या मणिकामाबाबतही असेच घडले आहे. झुलू मुली रंगीत काचमण्यांच्या पट्ट्या ओवून त्यांतून प्रियकराला निरोप देत, हे सर्वज्ञात आहे. पर्यटकांसाठी मग रंगांचे शब्दकोश तयार झाले : पांढरा म्हणजे प्रेम, काळा म्हणजे दुःख वगैरे. प्रत्यक्षात एकाच रंगाचा अर्थ प्रदेशागणिक आणि शेजारच्या रंगानुसार बदलत असल्याचे अभ्यासकांनी निदर्शनास आणले आहे. निरोप रंगांच्या संगतीत होता आणि तो वाचणाऱ्याला पाठवणारी माहीत होती. साजाचेही तसेच आहे. पानड्यांची यादी घरोघरी थोडी निराळी असली तरी कथा बिघडत नाही. यादीच नसेल तर मात्र बिघडते.

कथेची मालकी : पुतळीचे उदाहरण

आकृती एकाची आणि कथा दुसऱ्याची, हा प्रकार नवीन नाही. पुतळीमाळ हे त्याचे उत्तम उदाहरण होय. व्हेनिसचे सोन्याचे नाणे व्यापाराच्या मार्गाने पश्चिम किनाऱ्यावर येत असे आणि त्यावरील मानवी आकृतींमुळे मराठीत त्याला 'पुतळी' म्हणत. त्या नाण्यावर व्हेनिसचा संरक्षक संत मार्क आणि त्याच्यासमोर गुडघे टेकलेला तेथील शासनप्रमुख असे चित्र असे. ते आपल्याकडील स्त्रियांच्या गळ्यात आले तेव्हा संत मार्क कोण, हे विचारण्याचे कोणालाच कारण नव्हते. सोने खरे होते आणि आकृती उभी होती. आजच्या पुतळीमाळेतील चकत्यांवर लक्ष्मीसारख्या देवतांच्या आकृती असतात; नाव तेवढे जुन्या नाण्याचे राहिले आहे. या देवघेवीत कोणाची फसवणूक झाली नाही. घालणाऱ्या स्त्रीने परकी आकृती आपल्या कथेत ओढून घेतली.

समकालीन बाजारात ही दिशा पुष्कळदा उलटी झालेली दिसते. 'होणार सून मी ह्या घरची' ही मालिका २०१३ मध्ये सुरू झाली आणि तिच्या नायिकेच्या नावाने 'जान्हवी मंगळसूत्र' गावोगावच्या सराफी पेढ्यांत मागितले जाऊ लागले. 'जय मल्हार' मालिकेनंतर बानू नथ आली, तर २०१५ च्या 'बाजीराव मस्तानी' चित्रपटानंतर काशीबाई नथ. याला नाके मुरडण्याचे कारण नाही. स्त्रिया आपल्या आवडीच्या पात्राशी नाते जोडतात आणि नथीसारखा दागिना, जो शहरी तरुणींनी जवळजवळ सोडून दिला होता, तो त्यामुळे परत आला, ही गोष्ट मान्य करावी लागते. परंतु या नव्या कथेत घालणारीसाठी जागा किती, हे पाहिले पाहिजे. पुतळीच्या कथेला लेखक नव्हता, म्हणून प्रत्येकीला त्यात भर घालता आली. मालिकेच्या कथेला लेखक आहे. मालिका संपली की त्या नथीचे दुकानातील नाव तेवढे उरते.

मंगळसूत्र : ओवण्याचे आणि काढण्याचे नियम

मण्यांच्या रचनेतून कथा सांगणाऱ्या दागिन्यांत मंगळसूत्र सर्वांत परिचित, आणि सर्वांत वादग्रस्त आहे. त्याची सामग्री साधी : काचेचे काळे मणी, सोन्याचे काही मणी आणि दोन वाट्या. काचेची पोकळ नळी ओढून, तिचे बारीक तुकडे करून, ते पुन्हा तापवून कडा गोल करावयाच्या ही मणी बनवण्याची जुनी भारतीय पद्धत आंध्र प्रदेशातील पापनायडुपेट येथे विसाव्या शतकातही चालू असल्याचे अभ्यासकांनी नोंदवले आहे. काळा मणी हा मंगळसूत्रातील सर्वांत स्वस्त भाग. पण त्याच्यावाचून सोने कितीही असले तरी त्याला मंगळसूत्र म्हणत नाहीत. मूल्याची ही उलटापालट रचनेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. काळ्याच्या पार्श्वभूमीवर सोन्याचा मणी उठून दिसतो, हे विरोधाचे तत्त्व झाले. पण श्रद्धेच्या भाषेत दृष्ट काळा मणीच घेतो, सोने नव्हे.

दोन वाट्यांपैकी एक माहेरची व एक सासरची, ही व्याख्या सर्वतोमुखी आहे. नव्या नवरीने मंगळसूत्र काही दिवस उलटे घालावयाचे आणि मग सुलटे करावयाचे, अशी रीत अनेक घरांत आहे. म्हणजे तोच दागिना, तीच रचना, पण कोणत्या बाजूने घातला आहे त्यावरून पाहणाऱ्याला लग्नाचा ताजेपणा कळतो. इतक्या कमी सामग्रीत काळ दाखवण्याची ही सोय कोणत्याही आधुनिक रचनाकाराने हेवा करावा अशी आहे.

या कथेला प्राचीनतेचे जे वजन दिले जाते ते मात्र तपासावे लागते. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात स्पष्ट नोंदवले आहे की गृह्यसूत्रे मंगळसूत्र बांधण्याविषयी पूर्णपणे मौन बाळगतात. त्याचे उल्लेख नंतरच्या ग्रंथांत येतात. म्हणजे पाणिग्रहण आणि सप्तपदी जुन्या, मणी-डोरले नंतरचे. तरीही आज सप्तपदीचे मंत्र किती जणींना आठवतात, आणि मंगळसूत्र किती जणींच्या गळ्यात आहे? वस्तू मंत्रापेक्षा चिवट ठरली, कारण ती रोज अंगावर असते.

अंगावर रोज असल्यामुळे दोरा झिजतो. तो तुटला तर मराठीत 'तुटला' म्हणत नाहीत. मंगळसूत्र 'वाढले' म्हणतात. बांगडी वाढते, दिवा वाढवतात, तसेच हे. घरंगळलेले मणी शोधायचे, मोजायचे, पुडीत बांधायचे आणि पटवेकऱ्याकडे नेऊन पुन्हा गाठवून घ्यायचे. किती काळ्यांनंतर किती सोन्याचे, हे तो विचारतो आणि ती सांगते. त्या क्षणी रचना तिच्या हातात असते. आजी-मावश्यांच्या मंगळसूत्रांची जुनी छायाचित्रे पाहिली तर एकीचे दुसरीसारखे नसते, याचे कारण हे आहे. तयार साखळीत काळे मणी पक्के बसवलेले आधुनिक मंगळसूत्र सोयीचे आणि टिकाऊ आहे, यात शंका नाही. नोकरीसाठी लोकलने जाणाऱ्या स्त्रीला ते सुटसुटीत वाटते आणि वाटावे. पण ते वाढत नाही, आणि म्हणून ते पुन्हा मांडण्याची वेळही येत नाही.

२०२१ हे वर्ष या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्या वर्षी रोमच्या बुल्गारी या पेढीने खास भारतासाठी सोने, काळा ऑनिक्स आणि हिरे यांचे मंगळसूत्र आणले. काळ्या काचेची जागा ऑनिक्सने घेतली, दोन वाट्यांची जागा पेढीच्या ओळखीच्या आकृतीने घेतली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सब्यसाची या रचनाकाराच्या मंगळसूत्राची जाहिरात वादात सापडली. स्त्री-पुरुषांची जवळीक तीत दाखवली होती. मध्य प्रदेशाचे तत्कालीन गृहमंत्री नरोत्तम मिश्रा यांनी ती २४ तासांत मागे घेण्याचा इशारा दिला आणि ती मागे घेतली गेली. दोन्ही प्रसंगी चर्चा पुष्कळ झाली. ती किमतीची, संस्कृतीची आणि सभ्यतेची होती. मंगळसूत्राच्या कथेत जो सर्वांत कठोर नियम आहे, त्याचा उल्लेख त्या गदारोळात क्वचितच झाला. तो नियम घालण्याचा नसून काढण्याचा आहे.

पती निधन पावला की बांगड्या फोडावयाच्या, कुंकू पुसावयाचे आणि मंगळसूत्र काढावयाचे. बहुधा इतरांनी, आणि चारचौघांत. दागिन्याच्या रचनेतच त्याचा शेवट ठरवून ठेवलेला असण्याचे असे दुसरे उदाहरण सहज आठवत नाही. कोल्हापूर जिल्ह्यात साजाच्या पानड्या जपल्या गेल्या. त्याच जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला. मंगळसूत्र काढणे, बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे या प्रथा गावात पाळल्या जाऊ नयेत असे त्यात म्हटले होते. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही हेरवाडचे अनुकरण करावे असे आवाहन केले. ठरावाने रीत एका दिवसात बदलत नाही, हे उघड आहे. पण दागिन्याच्या रचनेचा विचार करणाऱ्यांनी या ठरावाची दखल घेतली पाहिजे, कारण मंगळसूत्राच्या व्याकरणातील एक नियम बदलण्याचा निर्णय येथे कोणा रचनाकाराने वा पेढीने घेतलेला नसून एका गावाने घेतला आहे.

प्रस्तुत लेखिकेच्या नात्यातील एक काकू ठराव होण्याच्या कितीतरी आधीपासून एकट्या आहेत. काका गेले तेव्हा त्यांचे मंगळसूत्र काढले गेले आणि कपाटातील डबीत राहिले. काही वर्षांनी त्या स्वतःच ते घेऊन पटवेकऱ्याकडे गेल्या. वाट्या त्यांनी मुलीच्या बांगड्यांत घातल्या होत्या. काळे आणि सोन्याचे मणी मात्र सगळे होते. पटवेकऱ्याने सवयीने विचारले, "वाट्या कुठे आहेत?" काकू म्हणाल्या, "वाट्या नकोत. मधे पोवळं घाला, आणि काळे तीन-तीन घ्या. पूर्वी दोन-दोन होते." त्याने तसे गाठवून दिले. आता ती माळ त्यांच्या गळ्यात असते. तिला काय म्हणावयाचे, हे घरात अजून ठरलेले नाही.